सरपंचताई रत्नागिरीला जाऊन आल्या

भाग्येश : ...तर ताई, तिसरं वाक्य असं आहे. 'मी स्वतः रत्नागिरी येथे जाऊन मत्स्यव्यवसायातील शाश्वत मूल्यसाखळीची पाहणी केली.' म्हणा बरं एकदा.

फुलीबाई : मी कुठे गेले होते, भाऊसाहेब?

भाग्येश : कागदावर गेलात ना.

फुलीबाई : त्या दिवसांत मी खळ्यावर तूर झोडत होते. अख्ख्या गावाने बघितलं.

जामसिंग : बघू दे. सरपंचाचा प्रतिनिधी म्हणजे सरपंचच. दौरा नेणाऱ्या साहेबांनी बसमध्येच सांगितलं आम्हाला. म्हणाले, नवरा-बायको काय वेगळे असतात का.

फुलीबाई : मग उद्या तूच बोल. वेगळे नाही ना आपण.

भाग्येश : तसं नाही चालत ताई. उद्या महिला ग्रामसभा आहे. महिला सभेत महिला सरपंच नाही बोलल्या तर मला ग्रामसेवक म्हणून वर उत्तर द्यावं लागतं. आणि कोकिळाबाईच्या मासेमारी गटाने विषयच तसा दिला आहे : रत्नागिरीच्या दौऱ्यात सरपंचांनी काय बघितलं ते सभेला सांगावे.

फुलीबाई : देणारच ती. विसरवाडीचा व्यापारी दुपार टळल्यावर येतो. तोवर धरणातून काढलेले मासे नरम पडतात. मग तो नाक मुरडतो आणि तोंडाला येईल तो भाव सांगतो. फेकून देण्यापेक्षा बाया देऊन टाकतात. समुद्रावरच्या बाया काय करतात, एवढंच कोकिळाला विचारायचं आहे. दौऱ्याचं ऐकलं तेव्हापासून ती माझ्या मागे आहे.

भाग्येश : म्हणून तर मी भाषण लिहून आणलं.

फुलीबाई : तुमच्या भाषणात मासा कुठेच नाही भाऊसाहेब. साखळीच आहे नुसती. थांबा जरा. जामसिंग, तू गेला होतास ना? मग मला सांग. बोटीतून मासा उतरला की कुठे जातो?

जामसिंग : ताटात.

फुलीबाई : त्याच्या आधी?

जामसिंग : त्याच्या आधी काचेच्या पेटीत. जिवंत. पहिल्या दिवशी गेलो ना आपण भाऊसाहेब, त्या हॉटेलात दारातच एवढी मोठी पेटी. आत निळा दिवा. बोट दाखवायचं, हा पाहिजे. पोरगं जाळीने काढतं आणि आत नेतं. साहेबांनी बोट दाखवलं तो मासा साहेबांकडेच बघत होता.

फुलीबाई : आणि बंदर?

जामसिंग : बंदर सकाळी होतं. फार सकाळी. आदल्या दिवशी जेवण जड झालं होतं, कोणी उठलंच नाही. साहेब म्हणाले, तसाही बंदराचा वास कपड्यांना लागतो, परतीच्या बसमध्ये त्रास होईल.

फुलीबाई : मग समुद्र तरी बघितला का?

जामसिंग : बघितला तर. जेवायच्या हॉलला मोठ्या काचा होत्या. आपल्या धरणाच्या पाण्यासारखाच आहे, फक्त पलीकडचं गाव दिसत नाही.

भाग्येश : ताई, दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांचं सत्र झालं. ते आपल्याला घालता येईल. मी पण होतो त्याला.

फुलीबाई : काय म्हणाले तज्ज्ञ?

भाग्येश : त्याचं असं झालं... पडद्यावर चित्रं दाखवत होते ते. पण सत्र हॉटेलातच ठेवलेलं, आणि पडद्याच्या शेजारीच स्वयंपाकघराचं दार. दर थोड्या वेळाने तळणाचा वास यायचा. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि आभार मानले. म्हणाले, आता उरलेला अभ्यास प्रत्यक्ष करू.

जामसिंग : केला. सुरमई, पापलेट, बांगडा, तिसऱ्या. माशाला रवा लावून असा तळतात, मासा दिसतच नाही. कुरुम कुरुम नुसतं. आणि खेकडा फोडायला अडकित्ता देतात.

फुलीबाई : तुला? तू तर दाताने फोडतोस.

जामसिंग : तिथे दाताने फोडलं की बघतात लोक. मला पोरगं शिकवायला आलं, काका, असा धरायचा. मनात म्हटलं बाबा, मी नदीत हात घालून खेकडे काढत मोठा झालो. तरी शिकून घेतलं. दोनदा अडकित्ता सटकला, नांगी उडाली ती थेट चुडामणभाऊंच्या ताटात.

फुलीबाई : ते शहाद्याकडचे? पुरुषोत्तमनगरच्या बाजूचे? ते तर माळकरी आहेत ना?

जामसिंग : त्यांची बायको सरपंच, ते माळकरी. पहिल्या दिवशी नुसती सोलकढी पीत बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, कोळंबी हा काही मासा नाही, किडा आहे. किड्याला माळ आड येत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना सुरमईसुद्धा किड्यासारखीच दिसायला लागली.

भाग्येश : ताई, हे सभेत नको. चुडामणभाऊंचा मान आहे तिकडे. आमच्याच शेजारचं गाव आहे ते.

फुलीबाई : तुमच्याकडे फोटो आहे म्हणालात. दाखवा.

भाग्येश : हा बघा. वर्तमानपत्रातही आला. मागे बॅनर आहे, 'महिला सरपंच अभ्यास दौरा'.

फुलीबाई : आणि खाली सगळ्या मिशा.

भाग्येश : कडेला एक ताई आहेत.

फुलीबाई : त्या कोण?

भाग्येश : त्या... हॉटेलच्या रिसेप्शनच्या. साहेब म्हणाले, एक तरी महिला पाहिजे.

फुलीबाई : छापणाऱ्याला काही वाटलं नाही?

भाग्येश : वाटून काय करणार ताई. प्रत्येक दौऱ्याचा फोटो असाच असतो. आता पुन्हा म्हणा : 'मी स्वतः रत्नागिरी येथे...'

फुलीबाई : म्हणते. त्याआधी एक सांग जामसिंग. तू आल्यापासून ती बॅग खुंटीला टांगून ठेवली आहेस. मला धुवायलाही देत नाहीस. तिचा वास घरभर सुटला आहे. काय आहे तिच्यात?

जामसिंग : काही नाही. कपडे.

फुलीबाई : कपड्याला सुकटाचा वास येतो?

जामसिंग : भाऊसाहेबांसमोर कशाला ते.

फुलीबाई : भाऊसाहेब तुझ्याबरोबर खेकडे फोडत होते. त्यांच्यासमोर आता काय राहिलं?

भाग्येश : मी निघू का ताई?

फुलीबाई : बसा. बोल तू.

जामसिंग : शेवटच्या दिवशीचं आहे. तिसरं हॉटेल. माझं पोट बिघडलं होतं. सगळे जेवत होते, मी मागच्या दाराने बाहेर गेलो. मोकळी हवा घ्यावी म्हणून. तिथे एक बाई बसली होती. समोर मोठा डबा, त्यात बर्फात मासे. हॉटेलवाला तिच्यापुढे उभा होता, असा, आपण व्यापाऱ्यापुढे उभे असतो ना, तसा. तो भाव कमी कर म्हणत होता. ती म्हणाली, नको घेऊ. मी बसते. संध्याकाळी दुसरा घेईल.

फुलीबाई : मग?

जामसिंग : मग घेतले त्याने. तिच्याच भावाने. मी तिथेच उभा. तिने विचारलं, कुठून आलात? म्हटलं नंदुरबार. म्हणाली, लांबून आलात, कशाला? म्हटलं मासळीचा अभ्यास. म्हणाली, बाहेरच्या बसवर कापड लावलं आहे, त्यावर महिला सरपंच लिहिलं आहे, त्या महिला कुठे आहेत? मला दिसल्या नाहीत.

फुलीबाई : काय सांगितलंस?

जामसिंग : म्हटलं, बायको सरपंच आहे, पण ती आजारी आहे.

फुलीबाई : मला काय झालं होतं?

जामसिंग : ताप. हटत नाही म्हटलं.

फुलीबाई : बरं.

जामसिंग : ती उठली. आतल्या टोपलीतून सुकी कोळंबी काढली, कागदात बांधली. म्हणाली, सोडे आहेत हे, कालवणात घाल तिला, ताकद येते. मी नको नको म्हटलं. तिने माझा हात खिशात जाऊ दिला नाही. म्हणाली, आजारी बाईसाठी आहेत. आणि बरी झाली की तिला आण, म्हणाली. बायकोने बघायचं ते नवऱ्याला दाखवून काय उपयोग.

भाग्येश : हे मला नाही सांगितलंत जामसिंगदादा.

जामसिंग : काय सांगू. मी परत आत गेलो तर साहेब आइस्क्रीम मागवत होते. तिचा कागद बॅगेत ठेवला. घरी आल्यावर बाहेर काढायला धीर होईना. काय म्हणून काढू? तू तर धडधाकट.

फुलीबाई : म्हणजे एवढ्या दौऱ्यातून माझ्या वाट्याला हे एवढंच आलं. तेही मी आजारी म्हणून.

जामसिंग : हो.

फुलीबाई : काढ तो कागद. बाईने दिलेलं कुजवू नको. भाऊसाहेब, तुमचं भाषण ठेवून जा. बघते मी.

भाग्येश : पाठ करा ताई. तिसरं वाक्य तेवढं नीट.

(दुसऱ्या दिवशी, ग्रामसभा सुटल्यावर. सतरंज्या अजून उचलायच्या आहेत.)

भाग्येश : ताई, तुमी काय करी ऱ्हायनात? मन्ही नोकरीना सवाल शे.

जामसिंग : भाऊसाहेब घाबरले. शहाद्याची बोली निघाली.

भाग्येश : घाबरू नको तर काय करू दादा? मी तिसरं वाक्य अधोरेखित करून दिलं होतं. 'मी स्वतः रत्नागिरी येथे जाऊन.' ताई उभ्या राहिल्या आणि माइकवर म्हणाल्या, मी गेले नाही, माझा नवरा गेला होता. सगळ्या बायांसमोर. इतिवृत्तात काय लिहू मी?

फुलीबाई : मी म्हटलं तेच लिहा. पाठ करायला सोपं होतं ते.

भाग्येश : आणि वर म्हणालात, आता माझे प्रतिनिधी सांगतील, उभे राहा प्रतिनिधी. बायकांच्या सभेत पुरुषाला उभं केलंत.

फुलीबाई : ते गेले होते ना माझ्या जागी? मग सांगायलाही माझ्याच जागी उभं राहायचं.

जामसिंग :   पुढे कोकिळा बसलेली, मांडी ठोकून. मी पेटीपासून सुरुवात केली, निळ्या दिव्यापासून.

भाग्येश : खेकड्यापर्यंत तर सभा मजेत होती. चुडामणभाऊंची कोळंबी आली तेव्हा म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी खुणा करत होतो तुम्हाला, नाव घेऊ नका.

जामसिंग : मला वाटलं, हसत आहेत तोवर बरं आहे. तोवर सुटलो. मग कोकिळा म्हणाली, तुझं पोट भरलं ते कळलं. आमचे मासे नासतात त्याचं बोल.

भाग्येश : आणि तुम्ही थेट त्या बाईवर आलात.

जामसिंग : तीन दिवसांत त्याचं उत्तर देणारी एकच बाई भेटली होती, तीही हॉटेलच्या मागच्या बाजूला. तिचं सांगितलं. ती भाव पाडून का देत नाही, ते सांगितलं. तिच्या डब्यात बर्फ होता. बर्फ असला की माणसाला थांबता येतं. आपल्या बायांना थांबता येत नाही म्हणून त्या हरतात.

फुलीबाई : ते बरोबर सांगितलंस.

जामसिंग : आणि तापाचं पण सांगितलं. नाही सांगितलं तरी चाललं असतं. निघून गेलं तोंडातून.

भाग्येश : तिथे कोणी हसलं नाही हं. मी बघत होतो. मला वाटलं आता दगड येतात की काय.

फुलीबाई : दगड कशाला येतील. अर्ध्या बायांच्या घरी असंच आहे. कोणाला ताप सांगतात, कोणाला म्हणतात तिला बसमध्ये उलटी होते.

भाग्येश : पण ठराव ताई. 'मासेमारी गटाच्या महिला आणि सरपंच स्वतः रत्नागिरीला जातील.' सगळ्यांनी हात वर केले. वर कळवलं की साहेब म्हणणार, दौरा तर झाला, फोटो आला, मग पुन्हा कसला?

फुलीबाई : त्यांना कळवा, मागच्या वेळी महिला आजारी होत्या. सगळ्याच्या सगळ्या. आता उठल्या.

भाग्येश : असं लिहू?

फुलीबाई : तुम्हाला शब्द येतात, चांगले करून लिहा. साहेबांची बस नाही मिळाली तरी चालेल. खांडबाऱ्याहून गाडी धरू, सुरतेला बदलू. कोकिळाची बहीण सुरतेला कामाला आहे, ती बसवून देईल पुढच्या गाडीत.

भाग्येश : राहायचं कुठे, जेवायचं कुठे? तिथली हॉटेलं तुम्हाला...

फुलीबाई : भाकरी बांधून नेऊ. बंदर सकाळी उघडतं ना? आम्हाला सकाळी उठायची सवय आहे.

भाग्येश : बरं. मी मसुदा करतो. बघू. सतरंज्या तेवढ्या शाळेत पोचवायला सांगा, गुरुजी बोंब मारतात.

फुलीबाई : जा तुम्ही. पोचतील.

जामसिंग : फुली.

फुलीबाई : बोल.

जामसिंग : कधी निघणार तुम्ही?

फुलीबाई : तूर विकली की.

जामसिंग : मी येऊ का? रस्ता बघितलेला आहे मी.

फुलीबाई : हॉटेलांचा.

जामसिंग : त्या बाईला मी ओळखतो. तुमच्यातलं कोणी ओळखत नाही. तिचं नावही नाही विचारलं मी, पण तोंड लक्षात आहे. बंदरावर शेकडो बाया असतील, कशी शोधाल?

फुलीबाई : ते खरं आहे.

जामसिंग : पण मी येऊ कोण म्हणून? प्रतिनिधी तर आता राहिलो नाही. सरपंच तू स्वतःच येणार. गटात मी नाही. कोणी विचारलं तर काय सांगू?

फुलीबाई : त्या टोकाने सतरंजी धर. घडी नीट घाल. अशी.

जामसिंग : सांग ना. कोण म्हणून येऊ?

फुलीबाई : नवरा म्हणून चल. मी निवडून आले तेव्हापासून ती जागा रिकामीच आहे.