ज्येष्ठ नागरिकांचे डॉक्टर

आमची आत्या बेसा भागातल्या एका कॉलनीत एकटीच राहते. परवा तिच्याकडे एक विमा एजंट आला. कार्डावर नावाआधी ठळक 'डॉ.' आणि खाली 'ज्येष्ठ नागरिक तज्ज्ञ'. आत्या बँकेतली ठेव मोडून त्याची पॉलिसी घ्यायला निघाली, म्हणून मी मुद्दाम जाऊन बसलो. पण ती माझं ऐकेचना.

"डॉक्टर माणूस खोटं काहून बोलन गा?"

सहीसाठी पेन हातात घेतलं आणि तिनं पाय लांब केला. "डॉक्टरसाहेब, आलेच हाये तर हा गुडघा पाहून द्या. लय ठणकून राहिला."

तो चपापला. "मावशी, मी त्यातला डॉक्टर नाही."

"मंग कायचे?"

"आर्थिक नियोजनाचा. सदर भागातल्या एका हॉटेलात शिबिर होतं, तिथे पदवी मिळाली."

"किती वर्षाचं शिबिर?"

"दोन दिवसांचं." मग स्वतःच म्हणाला, "जेवणासकट."

आत्यानं पेनाला टोपण लावलं. "बरं झालं सांगितलं. आता बाहेर वऱ्हांड्यात बसले त्या म्हाताऱ्यायलेबी सांगून द्या. बीपी तपासाले म्या सारी कॉलनी बोलावून ठेवली."

त्यानं खिडकीतून पाहिलं, बॅग उचलली आणि मला हळूच विचारलं, "मागच्या बाजूला दार आहे का?"