वर्षाच्या आतली बॅटरी

आमच्या गाडीच्या बॅटरीने मला जेवढं छळलंय ना, तेवढं कोणीच छळलं नसेल. माझा नवरा सतीश गेल्यापासून ती गाडी मीच ओझरला कामावर नेते. पण रोज सकाळी ती चालूच व्हायची नाही आणि मी शेजारच्या गायकवाडांच्या गाडीला केबल लावत बसायची. शेवटी तेही म्हणाले, "वहिनी, तुमच्या नादात माझी बॅटरी बसेल." तिकडे ऑफिसात उशिराबद्दल ताकीद मिळाली, ती वेगळीच.

मेकॅनिक म्हणाला, "डायनामो चार्ज करतोय मॅडम, बॅटरीच धरत नाही. नवीन टाका."

सासूबाई सायखेडा गावच्या, जुन्या वळणाच्या. त्या म्हणाल्या, "माणूस गेल्यावर वर्षाच्या आत घरात नवीन वस्तू नाय आणायची. जुनी बघ."

जुनी बॅटरी मागायला त्या स्वतः माझ्याबरोबर दुकानात आल्या. दुकानदाराने त्यांना परोपरीने समजावलं, मग कपाळाला हात लावला. आणि एकदम उठून त्याने नवी बॅटरी स्वतःच्या गाडीत बसवली, द्वारका चौकापर्यंत चक्कर मारून आला आणि म्हणाला, "घ्या आजी, वापरलेली!"

"आता चालंल," सासूबाई म्हणाल्या.

बॅटरी बसवून घरी आलो. मी गाडी लावून उतरते, तोवर त्या आतून नारळ घेऊन हजर.

"बॉनेट उघड."

"आई, अहो, जुनी आहे ना ती?"

"लोकांसाठी जुनी. सतीशनं कधी नवीन वस्तू नारळ फोडल्याबिगर वापरली का?"

मी बॉनेट उघडलं.