आबांच्या घरात अडकलेलं हॉल तिकीट

...आणि वर आबा संघर्षलाच विचारतात, हातानं चालवलं की चालतंय ना, मग तुझं रडगाणं काय? तुम्हाला सांगतो, रडगाणं कसलं, पोरगं वेडं व्हायचंच बाकी राहिलं होतं! मांडवगण फराट्याजवळचं नर्सिंग कॉलेज, सन दोन हजार सात, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुण्यात परीक्षा, तीनशे पोरी हॉल तिकिटासाठी दारात उभ्या, आणि कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ह्या संघर्षला संस्थेनं सांगितलेलं, सहा महिने बघू, जमलं तर कायम करू. त्या सहा महिन्यांचा तो शेवटचा दिवस.

आता ह्याच वर्षी आलेल्या नव्या सोयीनं हे हॉल तिकीट निघतं कसं ते ऐका. पोरीनं कॉलेजच्या वेबसाइटवर नंबर टाकायचा, बटण दाबायचं. पण वेबसाइट स्वतः कागद काढत नाही हो, त्याच मशीनवर दुसरा एक प्रोग्राम बसलेला असतो, त्याला ती हुकूम सोडते, ‘बाबा रे, हिचा कागद काढ’, की तो काढतो. म्हणजे काढायला पाहिजे! पण सकाळपासून बटण दाबलं की स्क्रीनवर एकच ओळ, ‘काम झाले नाही’. का झाले नाही? कुणी अडवलं? कशापायी? काही नाही! अहो, लग्नात नवरदेव रुसला तरी कारण सांगतो, घड्याळ पाहिजे नाहीतर अंगठी पाहिजे. हे नुसतंच तोंड फुगवून बसलेलं.

संघर्षनं मशीनसमोर बसून तोच हुकूम, तसाच्या तसा, हातानं टाइप केला... आणि करकरीत कागद बाहेर! नमुन्याचा कागद हां. त्यावर फोटो जयसिंगआबांचा. जयसिंगआबा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, वय अडुसष्ट, फेटा, झुपकेदार मिशा, आणि खाली छापलेलं, ‘परिचारिका, प्रथम वर्ष’. हसू नका, नमुन्याला कुणाचा तरी फोटो लागतो आणि पहिला मान आबांचा. पुन्हा वेबसाइटवरनं बटण दाबलं, ‘काम झाले नाही’. पुन्हा हातानं केलं, पुन्हा फेटा बाहेर. मशीन बंद करून चालू करून बघावं म्हटलं, तर ते काम लोडशेडिंगनं मधेच फुकटात करून दिलं. तरी तेच... हातानं चालवलं की चालतंय!

हा प्रोग्राम बसवून देणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन लावला. तिथला इंजिनिअर गोड आवाजात म्हणतो, “सर, आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय, तुमच्या साइडनं एकदा चेक करा ना.” आणि ठेवला की फोन.

तेवढ्यात जयसिंगआबा स्वतः आले.

“चालतंय का न्हाई?”

“हातानं चालवलं की चालतंय आबा, पण वेबसाइटवरनं...”

“हातानं चालतंय ना? मग हातानं चालव की. त्यात काय?”

त्यात काय? एकेका पोरीचं नाव, नंबर, फोटो, सही हातानं भरायची, एकीला दहा मिनिटं, तीनशे पोरी म्हणजे पन्नास तास, आणि पुण्याची शेवटची एसटी पाचला! आबा मात्र शांत. “पाचपर्यंत सगळ्या पोरींचं कागद न्हाई निघालं तर उद्यापासनं तू येऊ नको,” म्हणाले आणि दारातच खुर्ची टाकून बसले.

बसला बिचारा हातानं काढत. दुपारी दीडपर्यंत बारा कागद झाले. तेराव्याला भैरूमामा खिडकीशी आले, कांद्याची लागण टाकून लेकीबरोबर आलेले. “साहेब, आमची पूनम दोनशे सत्तावीस नंबरला हाय, कवा यील आमची पाळी?” संघर्षनं मनात आकडेमोड केली, पाळी येत होती उद्या मध्यरात्री. पूनम भिंतीला टेकून पुस्तक वाचत होती, पण अर्ध्या तासात तिनं एक पान उलटलं नव्हतं, आणि ते काही त्याला बघवेना.

मग आली त्याची आई, चांगुणा. सकाळी कॉलेजात झाडलोट करायची, दुपारी आबांच्या बंगल्यावर भांडी. डबा घेऊन आली, लेकाचं तोंड बघितलं, म्हणाली, “खा आधी आन् सांग काय झालं.” ह्यानं घास घेत सगळं सांगितलं, की बाबा हातानं चालतंय आणि वेबसाइटवरनं नाही.

“तू हातानं करतोस तवा आत कुणाच्या नावानं जातोस?”

“आबांच्या. मशीनच्या उद्घाटनाला पहिलं बटण त्यांनी दाबलं ना, मग मानानं सगळं त्यांच्याच नावच्या घरात, म्हणजे मशीनमधल्या त्यांच्या कप्प्यात, बसवलंय.”

“आन् ती वेबसाइट?”

“तिचं खातं निराळं, आई. मुद्दामच बिनअधिकाराचं ठेवतात.”

“मग तिला कोण आत घेतंय, बाबा? मला तीस वर्सं झाली, आबांच्या सैपाकघरात अजून पाय ठिवू दिला न्हाई. भांडी मागच्या मोरीवर आणून टाकत्यात. तिचा हुकूम बराबर असंल रं, पर उंबऱ्यातच आडवलं तर काम व्हायचं कसं?”

तुम्हाला सांगतो, संघर्षच्या हातातली भाकरी हातातच राहिली. सहा महिने तो त्या दारानं आत-बाहेर करत होता आणि दार कुणाचं आहे, हे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं. लाज वाटली त्याला, खरंच वाटली. उष्ट्या हातानंच बघितलं, तर प्रोग्राम आबांच्या फोल्डरात आणि त्या फोल्डरात आबांशिवाय कुणालाही यायला बंदी! उचलला, सगळ्यांना वावरता येईल अशा सामाईक जागेत नेऊन ठेवला, वेबसाइटला नवा पत्ता दिला, बटण दाबलं... पूनमचा कागद, पूनमच्या फोटोसकट! भैरूमामांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि उलटा धरूनच वाचत राहिले. साडेचारला तीनशेच्या तीनशे कागद वाटून झाले.

आणि आबा? आबांना धक्काच बसला. “म्हंजी माझ्या घरात हुतं म्हणून अडलं?” संघर्षला वाटलं, गेली नोकरी. आबा उठले, फेटा नीट केला. “पोरींचं काम केलंस, तू कायम. पर परीक्षा झाली की ते परत माझ्या घरात ठिवायचं. मान म्हंजी मान.”

“आबा, मग वेबसाइटवरनं पुन्हा...”

“हातानं चालतंय ना?”

परीक्षा झाली, प्रोग्राम ठेवला परत. आता प्रत्येक परीक्षेला कुठल्याही पोरीनं बटण दाबलं की स्क्रीनवर संघर्षनंच घातलेली नवी ओळ येते, ‘काम चालू आहे, दहा मिनिटे थांबा’. आणि ती खोटी नाही हो. आत संघर्ष टाइप करत असतो.