बरिजसाहेबांची छाती आणि आमच्या पेट्या

...नाही नाही, त्या पेटीवर नका बसू, आत बशा आहेत! फ्लँडर्सहून परतताना अशीच एक कर्नलीणबाई टेकली होती, तेव्हापासून आमच्याकडे एक बशी दुसरीशी जुळत नाही... जाऊ दे. तुम्हाला सांगते, बायांनो, फौजी माणसाशी लग्न करू नये! मी केलं. लाल कोट बघितला, भुलले. आत माणूस कोण आहे ते नंतर बघितलं!

माणूस वाईट नाही हो. पण लढाई कधी मिळालीच नाही त्याला! फ्लँडर्सला पोचलो, लढाई आदल्या आठवड्यात संपलेली. स्कॉटलंडात धुक्यात वाट चुकले, शत्रू एका डोंगरावर आणि आमचे हे भलत्याच. अमेरिकेला निघालो, तर वाऱ्यानं जहाज असं भरकटवलं की उतरतो तो तह झालेला, लोक नाचतायत! आणि दर वेळी पेट्या कुणी बांधल्या? मीच! दुसरं कोण बांधणार?

तुम्ही म्हणाल, लेटिसबाई, मग हे जनरल झाले कसे? अहो, न मरता! फौजेत कर्नलच्या पुढे चढायला पराक्रम लागत नाही, वरचा मरावा लागतो आणि आपण टिकावं लागतं. टिकण्यात आमच्या ह्यांचा हात धरणारा कोणी नाही. तलवार म्यानातून निघाली ती फक्त नाताळचं मांस कापायला!

आता इथे बाथ गावात घर घेतलं, मागे सफरचंदाचं झाड लावलं, म्हटलं सुटले! तर रोज सकाळी हे पेपर उघडतात ते थेट मरणाच्या पानावर. 'अगं, बरिज गेला का?' 'अहो, सकाळी सकाळी काय हे अभद्र!' 'अभद्र काय त्यात? जमैकाची फौज त्याच्या वाट्याला आलीय, तो गेला की नंबर माझा! या खेपेला लढाई मिळणार बघ!'

जमैका! ऐकलंत? तिथे गोळी लागायच्या आधी ताप गाठतो हो. सासूबाईंचा धाकटा भाऊ तिथे गेला आणि परत आली ती फक्त त्याची पेटी. आणि ह्यांना जिना चढताना दम लागतो! कितीही रडगाणं गायलं, तरी मला हा माणूस हवाय, इथे, माझ्यासमोर, कुरकुरत का होईना!

मग काय केलं? जनरल बरिजना जगवायचं ठरवलं! बिचारे विधुर, छातीत कफ, घरी कोणी बघणारं नाही. रोज कोंबडीचं सूप पाठवलं. छातीला फ्लॅनेलचं गरम कापड बांधलं. डॉक्टर उपाय म्हणून शीर कापून रक्त काढायला आला, त्याला दारातूनच हाकललं: 'आहे तेवढं राहू दे त्यांच्यात!' आमचे हे घरी पेपर चाळतायत, 'अजून कसा जात नाही हा!' आणि मी मागच्या दारानं सुपाचं भांडं पाठवतेय!

आणि बरिज सुधारले हो! गाल कसे लालबुंद! काल तर घोड्यावर बसून आले दाराशी. मला वाटलं, निघाले जमैकाला, निरोप घ्यायला आलेत. मनात म्हटलं, जा बाबा, सुखी राहा.

तर टोपी काढून म्हणतात कसे, 'वहिनी, तुम्ही मला मरणाच्या दारातून ओढून आणलंत. हे उपकार फेडू कसे? मग मनात आलं, तुमच्या यजमानांना आयुष्यात लढाई कधी मिळाली नाही. म्हणून लंडनला जाऊन सांगून आलो, मला आता पुरे झालं, जमैका माझ्या मित्राला द्या! मान्य झालं, वहिनी!'

आमचे हे लहान पोरासारखे रडले. बरिजच्या गळ्यात पडले, ज्याच्या मरणाची रोज वाट बघत होते त्याच्या! मी? मी म्हटलं, 'बरिजभावजी, बसा. सूप घेणार?'

एकटं पाठवू का ह्यांना? फ्लॅनेल कोण बांधेल? डॉक्टरला कोण हाकलेल? तेव्हा... पेट्या कोण बांधणार? मीच! सफरचंदं यंदा पहिल्यांदा लागलीत. बरिज म्हणालेत, 'वहिनी, काळजी नको, वाया जाऊ देणार नाही, मी खाईन.'

खातील. तब्येत मी चांगली करून ठेवलीय.

या, आता बसा त्या पेटीवर. बशा गेल्या तर जाऊ देत... झाकण लागत नाहीये.