चिंध्यांचे हंस

...आणि वारा तरी कसा, तुम्हाला सांगतो, उत्तरेकडून सुटला की थेट समुद्रापर्यंत त्याला अडवायला एक झाड नाही, आभाळ राखेसारखं, बोटं बधिर, आणि अशात मी भाताच्या खुंटांत वाकून पांढऱ्या चिंध्या पसरतोय. कशासाठी, तर वरून जाणाऱ्या रानहंसांना वाटावं, खाली आपलीच भावंडं चरताहेत. आमच्या क्रोनोव्हा गावात आजोबांपासून हंस असेच उतरवतात. पण हंस बघायला बसनं येणाऱ्या पाहुण्यांना हे कुठलं ठाऊक? मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

शेजारची ओटिलीबाई आदल्या दिवशीच म्हणाली होती, "आलोइस, या बसला हंस दिसले नाहीत तर पुढची येत नाही. मग मी पावाची भट्टी विझवून चालले लेकीकडे, ह्यूस्टनला." आता ती गेल्यावर कुंपणापलीकडून माझ्याशी भांडायचं कोणी?

आणि बस आली ती वेळेआधी. आभाळात एक पीस नाही. पाहुणे उतरले आमच्या चर्चपाशी. ते उभंय माळावर एकटंच, गावाकडे पाठ करून. रेल्वे लांबून गेली तेव्हा अख्खं गाव, घरंच्या घरं, ओंडक्यांवर चढवून खेचरांनी रुळांकडे ओढत नेलं, चर्च तेवढं चिखलात रुतलं ते रुतलंच... हे मी घसा साफ करून सांगतोय, तोच एक बाई दुर्बीण लावून, "अय्या, केवढे हंस." सगळे तिकडे. दुर्बीण माझ्या चिंध्यांवर. हंस खरे का, असं मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण बाई विचारतात काय, "उडत का नाहीत हो?"

ओटिलीबाईनं आलुबुखारा भरलेल्या कोलाचींचं, म्हणजे आमच्या गोड पावांचं, ताट मध्ये घातलं. "एवढ्या थंडीत तुम्ही तरी उडाल का? खा, गार होतील."

बाईंनी खाल्ली, बोटं चाटली, आणि म्हणतात, "जवळ जाऊन बघू." एक पाय कुंपणावर. ओटिलीबाई पांढरीफटक.

"चिखल आहे," मी हळूच म्हणालो. "चर्च गिळलंय त्यानं."

पाय खाली आला. फोटो निघाले, ताट रिकामं झालं, शनिवारी दोन बस आणतो म्हणाले नि गेले.

बस माळावर ठिपका झाली न झाली, तोच डोक्यावर कलकलाट, आणि खरे हंस, हजारोंनी, चिंध्यांत उतरताहेत, जमीन दिसेना. माझे तर डोळे भरून आले. म्हटलं, "बघ ओटिलीबाई, आले."

ती रिकामं ताट काखेत मारून उभी. म्हणाली, "हाकल त्यांना. चिंध्या मळवतील. यांचा काय भरवसा, शनिवारी असतील नसतील."