हार्लिनचा हंडा

आजच्या सभेच्या अध्यक्ष, नगराध्यक्ष इर्मा स्टॅनेकबाई. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या विद्यापीठाचे क्रीडासंचालक रॉजर थीसनसाहेब. व्यासपीठावरचे प्रशिक्षक आणि पाद्रीबाबा. आणि टोप्या न काढताच आत आलेल्या माझ्या हार्लिनकरांनो,

थीसनसाहेबांनी मैदानाला नवं गवत दिलं, नवे दिवे दिले. त्यांचे मनापासून आभार. आता ते कॉलेज संघांच्या त्या बड्या गटाच्या कचेरीत चाललेत, ज्यानं नदीपलीकडच्या वेस्टरडेलच्या संघाला नुकतंच आपल्यात ओढलं. साहेब म्हणतात, कॉलेज फुटबॉलमध्ये मोठे गट फार झाले. दोनच ठेवा, म्हणजे खरा विजेता ठरेल.

ऐकायला सरळ आहे. पण गट चार-पाच असले, तर एकानं दार लावल्यावर दुसऱ्याचं ठोठावता येतं. दोनच उरले, आणि तेही एकाच टेबलावर जेवणारे, तर हार्लिननं जायचं कुठं? आपण मोठ्यांत आहोत की नाही, हे टीव्हीवर बघायचं?

वेस्टरडेलची पोरं आता विमानानं दूर समुद्रकाठच्या संघांशी खेळायला जाणार. आपल्यात नि त्यांच्यात फक्त एक पूल आहे. मग नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी होणाऱ्या आपल्या दोघांच्या दरवर्षीच्या सामन्याचं काय? साहेब म्हणतात, "बघू." असं "बघू" मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

परवा साहेब माझ्या दुकानात आले, त्या सामन्यात आपण जिंकलेला हंडा असतो तिथं. "ग्लेंडा, तो हंडा दे. गटाच्या मुख्यालयात, काचेच्या कपाटात शोभेल."

"आणि सामन्यानंतर सगळ्यांसाठी चिलीचा तिखट रस्सा कशात शिजवायचा?"

"तुला प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसतं."

"दिसतं. चष्मा माझा मी पुसते."

जिंकेल त्याच्याकडे हंडा, हरेल त्याच्याकडे ओगराळं. एकमेकांना बोलावल्याशिवाय कुणाचंच जेवण होऊ नये, म्हणून आपल्या आज्यांनी ही वाटणी केली. हंडा एकदा कपाटात गेला की सामन्याची नुसती आठवण उरते, आणि आठवणीसाठी कुणी शनिवार मोकळा ठेवत नाही. साहेबांना हे कळत नसेल?

म्हणून हंडा आज मागच्या शेगडीवर आहे, काठोकाठ भरलेला. साहेब, न्यायचा तर न्या. कान मात्र तापलेत.

आणि शेवटच्या रांगेत कोटाखाली काहीतरी दडवून बसलेले वर्लिन होलुब, वेस्टरडेलच्या चाहत्यांचे म्होरके, उठा जरा. काय आणलंत?

"ओगराळं. वाढून झालं की परत नेणार. आणि नोव्हेंबरात ते तुमच्या गळ्यात घालून हंडा नेणार."

या की न्यायला.

ऐकलंत, साहेब? दोन्ही गावं तयार आहेत. सामने जिथं ठरतात, तिथं आता तुम्ही बसणार. तो एक शनिवार आमचा ठेवाल की नाही, एवढंच सांगा. रिवाजाप्रमाणे पहिली वाटी पाहुण्यांची, म्हणजे आज तुमची; तुमचं उत्तर येईतोवर आम्ही सगळे वाट्या हातात धरून थांबलो आहोत.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, ऋणी आहे. माझ्या बोलण्यात तिखट जास्त पडलं असेल तर पोटात घाला. साहेब, माइक तुमच्याकडे देते. "बघू" मात्र आज चालणार नाही.