बाबाचं लाइव्ह अन् माह्या सात्या

बाबाचीच चूक, दुसऱ्या कोणाची नाई! तुम्हाले सांगतो, आमचा बाप, अख्खं गाव भैयाजी म्हणते त्याले, हाती मोबाइल आला तसा माणूसच कामातून गेला! दाढी केली, टाक स्टेटस. सलाईन लागलं, टाक स्टेटस! आईले हागवण लागली तर... हो, तेही! खाली लिवलं, 'सौभाग्यवतीसाठी प्रार्थना करा, सकाळपासून सात वेळा.' आई चार दिवस नळावर गेली नाई! पण बोलाचं कोणाले? बाप हाय!

आता मी बारावीतून शाळा सोडलेला, गावासाठी बिनकामाचा. पण सात्या... पावसाळ्यात वारुळावर उगवते ते मशरूम हो, मटणाले मागं टाकते... त्या जंगलात कुठी निघते, हे मले एकट्याले माहीत! असं ठिकाण आमच्याकडं सख्खा भाऊ भावाले सांगत नाई. रस्त्यात कोणी 'कुठी चालला बे?' म्हटलं, तर 'बैल पाहाले' म्हणाचं. घरी बैलच नाई, ते वेगळं! अन् एरवी मले 'नुसता हिंडते कुत्र्यावाणी' म्हणणारे हे मोठे लोक, त्या दिवसांत दारात येऊन, 'काऊन बापू, कुठी भेटल्या?' बापू! मले!

यंदा बाबा म्हणे, "मलेही ने ना, माहे आता किती दिवस राह्यले?" डोळ्यांत पाणी-गिणी. मी पाघळलो, नेलं. वारूळ पांढरं फक्क! मी वाकून एकेक सात्या हळूच काढून राह्यलो, अन् मागून आवाज... "नमस्कार मंडळी! आपण आत्ता नाल्याच्या पलीकडं, वाकड्या मोहाच्या झाडाजवळ उभे हाओत..."

लाइव्ह!

"बाबा, बंद करा ते!"

"काऊन बे? चाळीस लोक पाहून राह्यले! तुह्या शकू आत्यानं बदाम पाठवला!"

बोलाचं कोणाले? बाप हाय!

दुसऱ्या दिवशी जाऊन पाह्यतो, तर जत्रा! कोणी घमेलं आणलं, कोणी कुदळ... वाघाच्या भेवानं परसात न जाणारे मास्तर तेही हजर! वरच्या सात्या पाच मिनिटांत संपल्या, तर खाली अजून असन म्हणून ह्या शहाण्याइनं वारूळच उकरलं! खाली काय असते? उधई... वाळवी हो! अन् बाबा मधात उभा, फोन वर धरून, "पाहा मंडळी, आपल्या व्हिडिओले केवढा प्रतिसाद!"

बोलाचं... जाऊ द्या.

उकरलेल्या वारुळावर सात्या पुन्हा निघत नाई. माहं ठिकाण गेलं, अन् परवाच्या भाजीच्या सात्या मी सिंदेवाहीच्या बाजारातून विकत आणल्या.